जत्रेच्या नाटकांचं वेळापत्रक: प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२५

काम घेतलं. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानची उत्सव समिती. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासून पाच रात्री जत्रा, रोज पालखी आत गेली की मंडपात नाटक. शिवाय वसंतोत्सव, सप्ताह, रामनवमी आहेतच, आणि त्यांना धरून एखाददुसरं नाटक. संकेतस्थळाकडून मागणी एवढीच की कुठल्या रात्री कुठलं नाटक, किती वाजता आणि करणार कोण, हे कळावं. चिटणीस निवृत्त मास्तर. म्हणाले, "अगो बाय, आम्हाला झगमगाट नको. मुंबईच्या महाजनांचे फोन बंद झाले म्हणजे झालं." महाजन म्हणजे देवस्थानचे पिढीजात सभासद.

फोन कशासाठी येतात तेही कळलं. कोकण रेल्वेची तिकिटं. जत्रा तिथीवर, तारीख दरवर्षी वेगळी. आणि आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. यंदा पंचमी २५ नोव्हेंबरला. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत तारखा पानावर हव्यात, नाहीतर करमळीपर्यंतचं तिकीट वेटिंगवर.

जुनं पान पाहिलं. कुणा महाजनाच्या मुलाने वीसेक वर्षांपूर्वी केलेलं. सोर्सच्या (पानामागच्या कोडच्या) माथ्यावरच जनरेटर म्हणून मायक्रोसॉफ्ट फ्रंटपेजचं नाव. (हे सॉफ्टवेअर मूळ व्हर्मीर टेक्नॉलॉजीजचं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी १९९६ मध्ये ती कंपनीच घेतली. २००३ ची आवृत्ती शेवटची.) टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल, आणि रकान्याची रुंदी धरून ठेवायला एका पिक्सेलची पारदर्शक जिफ. भेटींचा आकडा दाखवणारा काउंटर बंद, कारण त्याला सर्व्हरवर फ्रंटपेजची एक्स्टेन्शन्स लागायची आणि ती आता कुणी ठेवत नाही. पण टेबलं आजच्या क्रोममध्ये जशीच्या तशी उभी आहेत. मेलाय तो मजकूर. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेला, तो फॉण्ट संगणकावर नसेल तर देवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो.

१४ ऑगस्ट

भाचा सुट्टीवर आलाय. संध्याकाळी बसला आणि एका नावाजलेल्या व्हिज्युअल बिल्डरमध्ये (कोड न लिहिता, चौकटी मांडून पान करायचं साधन) नमुना करून मोकळा झाला. वर मंदिराच्या दीपस्तंभाचा सरकता फोटो, खाली नाटकांच्या चौकटी, बोटाने वर केलं की एकेक चौकट तरंगत येते. मास्तरांना फोनवर दाखवलं. खूश. आणि पहिल्यांदाच त्यांनी नेमकं काहीतरी सांगितलं: करणाऱ्या मंडळाचं नाव नाटकाच्या नावाइतकंच मोठं हवं, नाहीतर मंडळी रुसतात. ही गोष्ट मी कागदावर चौकोन काढून दाखवले असते तर कधीच बाहेर आली नसती. डोळ्यांना दिसल्याशिवाय लोक बोलत नाहीत. नमुन्यासाठी बिल्डर, यात आता वाद नाही.

१७ ऑगस्ट

तोच नमुना आतून उघडून पाहिला. ‘नाट्यप्रयोग’ या शीर्षकाभोवती सेक्शनचा डिव्ह (कोडमधली नुसती चौकट), त्यात कंटेनरचा, त्यात कॉलमचा, त्यात विजेटचा, त्यात विजेटच्या आतला आणखी एक, आणि मग कुठे एच-टू, म्हणजे शीर्षकाचा टॅग. तो एच-टू तरी होता हे नशीब. नाटकांची नावं नुसत्या डिव्हमध्ये ठळक केलेली, त्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ती शीर्षकं म्हणून सापडणारच नाहीत.

पण खरी गोम देवनागरीत. थीम करणाऱ्याने रोमन कॅपिटल अक्षरं डोळ्यापुढे ठेवून शीर्षकाला दोन पिक्सेलचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलंय. इंग्रजीत ते ऐटबाज दिसत असेल. मराठीत प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटते आणि ‘नाट्यप्रयोग’ दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर १.२, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना भिडतात. मराठीला मी १.६ च्या खाली जात नाही. थीमसोबत एक वेबफॉण्ट चार वजनांत येतो, त्यात देवनागरीचं एक अक्षर नाही. फोन तो उतरवून घेतो आणि मराठी मजकूर शेवटी आपल्याच फॉण्टमध्ये दाखवतो: अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर. आणि पानाची भाषा म्हणून एचटीएमएलच्या (पान ज्या खुणांत लिहितात त्या भाषेच्या) टॅगमध्ये अमेरिकन इंग्रजी. त्यामुळे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातं, आणि ज्या फॉण्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात तिथेही हिंदी वळणाचेच दिसतात.

बिल्डरमध्ये हे दुरुस्त होत नाही असं नाही. प्रत्येक विजेटच्या टायपोग्राफीच्या खिडकीत जायचं, मोबाइल, टॅबलेट, डेस्कटॉप असे तीनदा आकडे भरायचे. भाचा म्हणाला, "कस्टम सीएसएसची पेटी आहे की गं मावशी, त्यात एकदाच लिहू." लिहिलं (सीएसएस म्हणजे पानाच्या सजावटीचा कोड), झालं. मग त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोही हसला.

पानाचं वजन साडेतीन एमबी. त्यात नाटकांचा मजकूर किती ते नंतर नीट मोजेन.

३० ऑगस्ट

चवथीचे (गणेशोत्सवाचे) दिवस. घरात मुंबई-बेळगावचे पाहुणे, म्हणजे आयते परीक्षक. भाच्याचा नमुना प्रत्येकाच्या फोनवर उघडायला लावला. आतेभावाच्या नव्या फोनवर झकास. काकीच्या जुन्या फोनवर फोटो आला, पण नाटकं येईपर्यंत ती माटोळीतल्या (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीतल्या) सुपाऱ्या काढायला उठून गेली.

ठरलं. अंतिम पान हाताने लिहायचं.

६ सप्टेंबर

बसून लिहिलं. आधी सीएसएसशिवाय नुसतं एचटीएमएल: प्रत्येक नाटक एक आर्टिकल, नाव एच-थ्रीमध्ये, तारीख टाइम टॅगमध्ये, मंडळाचं नाव त्याच आकारात खाली. असं नागडं पान फोनवर उघडून वाचता येतं का ते पाहिलं. येतं. मग सजावट.

मांडणीला सीएसएसचं ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी. मार्च २०१७ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत आलं तेव्हापासून मी दुसरं काही वापरत नाही. एका ओळीत सांगता येतं की चौकट अमुक रुंदीपेक्षा लहान होऊ देऊ नकोस, बाकी किती मावतात ते तू बघ. फोनवर एक, लॅपटॉपवर तीन. टॅबलेटसाठी वेगळा आकडा नाही, कुठलीही खिडकी नाही.

रंग मास्तरांनी निवडले. पिवळ्यावर पांढरा मजकूर मात्र हाणून पाडला.

१२ सप्टेंबर

भाच्याचा टोमणा: "हाताने लिहिणं हा जुन्या लोकांचा हट्ट." त्याला म्हटलं, इतिहास उलटा आहे बाबा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्नला नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला तो संपादकही होता; पान उघडायचं, तिथेच लिहायचं, दुवा जोडायचा. लोकांनी टॅगचे कोनी कंस टाइप करत बसावं हा मूळ बेतच नव्हता. पुढे १९९३ चा मोझेक ब्राउझर घरोघर गेला, त्यात नुसतं पाहायची सोय, आणि लिहिणारे नोटपॅडकडे वळले. मग त्यांना सोडवायला फ्रंटपेज, नेटस्केपचा नॅव्हिगेटर गोल्ड, आणि डिसेंबर १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाचा ड्रीमविव्हर. त्याची जाहिरातच ही की तुमच्या हातच्या कोडला आम्ही धक्का लावत नाही. राउंडट्रिप एचटीएमएल म्हणत. बाकीची सॉफ्टवेअर्स कोडची काय गत करत असतील, ते या जाहिरातीवरूनच ओळखावं.

तेव्हा एक सोय होती. पडदे साधारण सारखे, ८०० बाय ६०० धरायचं आणि दिसतं तसं मिळतं म्हणायचं. २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन (पडद्याप्रमाणे बदलणारी मांडणी) असं नाव देऊन सगळं मांडलं, तोवर पानाला ठरलेली रुंदीच उरली नव्हती. आता दिसतं तसं, पण कुणाच्या पडद्यावर? बिल्डर मला माझ्या पडद्यावरचं पान दाखवतो. मला काकीच्या फोनवरचं हवंय. आजचे बिल्डर यावर पुष्कळ उपाय करतात हे खरं, आणि त्यातले काही चांगले ग्रिडही लिहितात. तरी विचारायची गोष्ट तीच.

भाच्याला पटलं की कंटाळून गप्प बसला, सांगता येत नाही.

२० सप्टेंबर

हातच्या कोडची दुखरी बाजू आज समोर आली. मास्तरांना फाइल दिली, वसंतोत्सवाची वेळ बदलून दाखवा म्हटलं. बदलली. सोबत एक कोनी कंसही उडाला आणि अर्धं पान दुव्याच्या निळ्या रंगात बुडालं. त्यांची चूक म्हणायची सोय नाही. चाळीस वर्षं मुलांच्या शुद्धलेखनावर लाल शाई चालवलेल्या माणसाला एका कंसासाठी वेठीला धरायचं म्हणजे काय? आणि प्रत्येक बदलासाठी त्यांनी मला फोन करायचा, तर मुंबईच्या महाजनांचे फोन बंद करून माझा सुरू केला एवढंच होईल.

बिल्डर इथे शंभर टक्के जिंकतो: ज्याला बदल करायचाय त्याच्या हातात बदल.

म्हणून मधला रस्ता. मजकूर गूगल शीटमध्ये: तिथी, तारीख, वेळ, नाटक, सादर करणारे, शेरा. मास्तर फोनवरून भरतील. साचा माझ्या हातचा. शीटमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) घेऊन साच्यात ओतणारी स्क्रिप्ट भाचा लिहितोय, ती ठरावीक वेळाने आपोआप चालेल. तिथी हा नुसता मजकूर ठेवायचा, तारीख पंचांग पाहून मास्तरांनीच भरायची. तिथीवरून तारीख काढणारं गणित लिहायचा भाच्याला मोह झाला होता. क्षय, वृद्धी आणि देवस्थानचा रिवाज यांत समितीच्या बैठका रंगतात. स्क्रिप्टने त्यात तोंड घालू नये.

२४ सप्टेंबर

तारखा पानावर चढल्या. आरक्षणाच्या आधी.

स्क्रिप्ट भाच्याने आधी जावास्क्रिप्टमध्ये लिहिली होती. मास्तर तारीख ‘२५’ अशी देवनागरीत भरतात आणि नंबर म्हणून वाचायला गेलं की जावास्क्रिप्ट हात वर करतं. मास्तरांना इंग्रजी आकडे भरायला सांगूया असं त्याचं मत. मी म्हटलं, पायथॉन घे. पायथॉनचं इंट (मजकुराची संख्या करणारी आज्ञा) देवनागरी आकडे कुरकुर न करता वाचतं. घेतलं, दहा ओळी कमी झाल्या. यंत्रासाठी माणसाची सवय मोडायची वेळ पुष्कळदा केवळ दुसरी भाषा माहीत नसल्यामुळे येते.

शोधायच्या पेटीत एक चमत्कारिक घोळ. ‘दुसऱ्या’ शोधलं की काही नोंदी सापडतात, काही नाहीत. डोळ्यांना सगळीकडे सारखंच. आतून पाहिलं तर दोन घडणी: नव्या कीबोर्डवरून आलेला नुक्त्याचा ऱ, आणि जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला त्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. दोन्ही वैध, दिसायला एक, संगणकाला वेगळी. स्क्रिप्टमध्ये सगळं पहिल्या रूपात आणायची ओळ घातली. ही गोष्ट बिल्डरमध्येही अशीच झाली असती. तिथे ती ओळ घालायला जागा शोधावी लागली असती.

५ ऑक्टोबर

दुसरं काम मध्ये आलं. सावई वेरेच्या बाजूला एका बाईंचं कुळागर (सुपारी-मसाल्याची बाग) आहे, पर्यटकांना दोन खोल्या देतात. मोसम सुरू झालाय, दर आणि फोटो आठवड्याला बदलणार. त्यांना बिल्डरमध्येच पान करून दिलं आणि बदल कसा करायचा ते शिकवलं. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःच माझा मथळा बदलला होता. एकच गोष्ट बजावली: वर्गणी भरायची थांबली की पान जातं, आणि तिथून मांडणी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, तेव्हा मजकूर आणि मूळ फोटो घरच्या संगणकावर ठेवा.

१८ ऑक्टोबर

मास्तरांची नवी मागणी: हाच कार्यक्रम देवळाच्या फलकावर लावायचा आणि वर्तमानपत्रांना द्यायचा, पुन्हा टाइप नको. छपाईसाठी वेगळं सीएसएस लिहिलं. रंग काढले, शोधपेटी लपवली, एक नाटक दोन कागदांवर फाटू नये म्हणून ब्रेक-इनसाइड अव्हॉइड. आता पान उघडून प्रिंट म्हटलं की ए-फोरवर स्वच्छ यादी. या पूर्ण कामात मास्तरांना सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

९ नोव्हेंबर

वजन मोजलं. जत्रेच्या रात्री देवळाच्या खोऱ्यात हजारो फोन एका टॉवरवर टेकलेले असतात. तिथे पान उघडलं पाहिजे, माझ्या घरच्या फायबरवर नव्हे.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत) तीन बाइट खातं. इंग्रजीच्या तिप्पट म्हटल्यावर भाचा हादरला. पण त्या तिनांतला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे जीझिप (मजकूर दाबून लहान करणारी सोय) त्याला चांगलाच चेपतो. वर्षभराची सगळी नाटकं, सीएसएस त्यातच भरून, चेपल्यावर ११ केबी. लक्ष्य १४ च्या आत राहायचं होतं: नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर पोच मिळायची वाट न पाहता पहिल्या दमात डेटाची साधारण दहा पाकिटं पाठवतो, ती १४ केबीच्या आसपास भरतात. म्हणजे अख्खं पान पहिल्याच खेपेत. वेबफॉण्ट नाही, फोनचा आपला फॉण्ट. दीपस्तंभाचा फोटो खाली, आणि तो आला नाही तरी कुणाचं अडत नाही.

तुलनेसाठी भाच्याच्या नमुन्यातला निव्वळ मजकूर काढून मोजला: साडेतीन एमबीत जेमतेम ६ केबी.

२५ नोव्हेंबर

पंचमी. खाज्यांच्या दुकानांपासून मंडपापर्यंत चालत फोन तपासत गेले. व्हॉट्सॲपवर फोटो गोल गोल फिरत राहतो, पान मात्र उघडतं. कधी वेळ लागतो, पण उघडतं.

रात्री नऊच्या सुमाराला खरी परीक्षा. उद्याच्या नाटकातल्या मुख्य नटाचा घसा बसला, मंडळाने चौथ्या रात्रीशी अदलाबदल मागितली. मास्तरांनी मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसून शीटमधल्या दोन ओळी बदलल्या. थोड्या वेळाने पान बदललं. मला कुणी विचारलं नाही.

आणि तरी उद्या लोक जुन्या नाटकाला येणार आहेत! कारण पान कुणी पाठवत नाहीत. सगळे स्क्रीनशॉट पाठवतात. दुपारचाच स्क्रीनशॉट गटागटांतून फिरतोय, त्यात जुनी यादी. हाताने लिहा नाहीतर बिल्डरमध्ये, चित्राला कोण काय करणार?

तिथेच फोनवरून साचा उघडून यादीच्या माथ्यावर ठळक ओळ घातली: शेवटचा बदल, तारीख, वेळ. स्क्रिप्ट दर खेपेला ती स्वतः भरेल. शिवाय बदललेल्या नाटकाच्या चौकटीतच ‘बदल’ असा शेरा. स्क्रीनशॉट घेतलात तरी त्याचं वय त्याच्यावर लिहिलेलं राहील.

२ डिसेंबर

समितीच्या बैठकीला गेले. अदलाबदलीच्या रात्री चुकून आलेले थोडेच निघाले. त्यातल्या एकांनी दुसरं नाटकही बरं होतं असं सांगितल्यावर विषय मिटला. पुढच्या वर्षीच्या मागण्या: मागच्या नाटकांची जंत्री, जुन्या पत्रिकांवरून. पत्रिका मास्तरांच्या घरी ट्रंकेत आहेत, काहींना वाळवी लागलीय. भाचा नाताळच्या सुट्टीत फोटो काढून शीटमध्ये भरेल. साच्याला हात लावावा लागणार नाही, वर्ष हा एक रकाना वाढेल.

कोड, स्क्रिप्ट आणि चालवायची पद्धत एका मराठी पानावर लिहून समितीला दिली, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला काम द्यायचं तर देता येईल. डोमेन अजून त्या जुन्या महाजनाच्या मुलाच्या नावावर आहे, तो आता परदेशात. मास्तर त्याला फोन करणार आहेत. नूतनीकरण मार्चमध्ये, त्याआधी ते समितीच्या खात्यावर यायला हवं.